दोनशे तीन लाल नग

1403 साली चीनच्या नव्या सम्राटाने जपानला जो नजराणा धाडला, त्यात कोरीव रोगणकामाचे 58 नग होते. 1406 साली आणखी 95 गेले, 1407 साली 50. एकूण 203. तबकं, झाकणाचे डबे, पेट्या. रंग गर्द लाल आणि अंगभर कोरणी, कुठे फुलापानांची तर कुठे माणसांच्या प्रसंगांची. कोणता नग केवढा आणि त्यावर काय कोरलंय, हे दरबारी कारकुनांनी एकेक करून लिहून दिलं होतं. वस्तू पुढे पांगल्या, याद्या मात्र जपानात टिकल्या. चिनी रोगणकामाच्या अभ्यासकांना सहाशे वर्षांनंतरही स्वस्थ बसू न देणारे कागद ते हेच.

कारण साधं आहे. 1403 साली या सम्राटाला गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि इतका माल एवढ्या अवधीत तयार करणं जवळपास अशक्य होतं.

अशक्य का, ते कळायला थेट झाडापाशी जावं लागतं. हे रोगण म्हणजे आपली लाख नव्हे. सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यांपासून मिळते. चिनी रोगण हा झाडाचा चीक, आणि ते झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्या कुळातलं. बिब्बा उतल्यावर अंगावर कसे फोड येतात हे ज्याने पाहिलंय, त्याला चिनी कारागिराच्या उमेदवारीची पहिली काही वर्षं कशी जात असतील ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात झाडाच्या सालीला तिरप्या खाचा मारायच्या आणि पाझरणारा चीक थेंबाथेंबाने गोळा करायचा. झाडामागे मिळतो तो जेमतेम पेलाभर. मग तो गाळायचा, मंद उष्णतेवर ढवळून त्यातलं पाणी उडवायचं आणि त्यात हिंगूळ खलायचा. लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पारा आणि गंधक यांच्या संयुगाचा.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडचा तेलरंग कोरड्या हवेत लवकर वाळतो. हा चीक कोरड्या हवेत नुसता चिकट राहतो. त्याला ऊबही लागते आणि दमटपणाही. अशा हवेत तो प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतो, म्हणून कारागीर प्रत्येक हात दिल्यावर नग ओलसर ठेवलेल्या कपाटात किंवा खोलीत बंद करून ठेवत. एक हात पक्का झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि प्रत्येक हात कागदासारखा पातळ. जाड हात दिला तर वरचा पापुद्रा आवळतो, सुरकुततो आणि आतला चीक ओलाच राहतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस काओ लिएन नावाच्या रसिक लेखकाने राजवाड्यातल्या लाल कामासाठी 36 हातांचा आकडा दिलाय. उत्तम नगांचा थर पाहिला तर तो आकडाही कमीच वाटतो. अनेक नगांत हात शंभराच्या घरात जातात. म्हणजे कोरायला पटाशी लावण्याआधीच महिनेच्या महिने गेलेले.

कोरणी सुरू झाली की घाई वेगळीच. रोगणाचा जाड थर पूर्ण कडक व्हायच्या आत कोरायचा असतो, नाहीतर कडा टवके होऊन उडतात. तळाजवळ कधीकधी एक बारीकशी काळी रेघ मुद्दाम दिलेली असते: इथवर आलास, आता थांब. हात चुकला तर दुरुस्ती नाही. रोगण भरून पुन्हा कोरता येत नाही, कारण एका जागी ओतलेला चीक आतून घट्ट होतच नाही.

ही विद्या चीनमध्ये जुनी होती. झेजियांग प्रांतातल्या हमुदू इथे मातीखाली सापडलेला लाल रोगणाचा लाकडी वाडगा सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा आहे. पण रोगण चढवणं वेगळं आणि रोगणाचाच थर उभारून तो कोरणं वेगळं. कोरीव कामाचा सर्वांत जुना ठळक पुरावा आठव्या शतकातला, आणि तो कुठल्या राजवाड्यात नाही तर वाळवंटात मिळाला. पुराणवस्तू संशोधक ऑरेल स्टाइनला शिंच्यांगमधल्या मीरानच्या किल्ल्यात चिलखताच्या कातडी पट्ट्या सापडल्या. त्यांवर लाल आणि काळ्या रोगणाचे थर आळीपाळीने चढवून त्यात साधी वळणं कोरली होती. हाच खेळ पुढे सुंग काळात नाजूक झाला: दोन रंगांचे थर, तिरपा छेद आणि छेदात दिसणाऱ्या रंगांच्या रेघा.

चित्रं कोरण्याची कला मात्र बहरली ती मंगोलांच्या युआन राजवटीत, चौदाव्या शतकात, आणि तिचं गाव होतं च्याशिंगजवळचं शीथांग. याच पाणथळ, उबदार पट्ट्यात चांग छंग आणि यांग माओ हे दोघे कारागीर झाले. चिनी कारागिरांची नावं सहसा इतिहासात उरत नाहीत. या दोघांची उरली, कारण त्यांनी नगाच्या तळाशी सुईच्या टोकाने आपली नावं ओरखडून ठेवली. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात चांग छंगची खूण असलेलं एक वाटोळं तबक आहे. मधोमध एकच अनंताचं फूल, पूर्ण उमललेलं, पाकळ्यांचे पदर एकमेकांवर वळलेले. भोवती कळ्या आणि पानं इतकी दाट की तळाची जमीन जेमतेम दिसते. पानाच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती कुठेही बोचू नये, अशी घोटलेली. यांग माओचं अष्टकोनी तबक वेगळ्या जातीचं आहे. त्यात एक वृद्ध धबधबा पाहत उभा आहे. या प्रकारच्या चित्रांत आकाश, पाणी आणि जमीन यांना प्रत्येकी वेगळी जाळीदार नक्षी देतात. आकाशाला आडव्या तुटक रेघा, पाण्याला लाटा, जमिनीला फुलांच्या चौकटी. रंग एकच असूनही डोळ्याला तिन्ही जागा वेगळ्या कळतात. एवढी हुशारी पुढच्या काळातल्या बहुरंगी कामांतही क्वचित दिसते.

आता नानजिंगकडे वळू. काका-पुतण्याचं राजकारण मराठी वाचकाला नवं नाही, फक्त इथे पुतण्याला ‘काका मला वाचवा’ म्हणायचीही सोय उरली नाही. मिंग घराण्याचा संस्थापक 1398 साली वारला आणि गादीवर नातू बसला, च्येनवन. त्याचा काका चू ती उत्तरेत बीजिंगला सुभा सांभाळून होता. 1399 मध्ये त्याने बंड केलं आणि 1402 च्या उन्हाळ्यात नानजिंग घेतलं. राजवाड्याला आग लागली. पुतण्याचं पुढे काय झालं हे आजही वादाचं आहे. काकाने स्वतःला सम्राट म्हणवलं आणि ‘योंगले’ हे राजवर्षाचं नाव घेतलं. राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहायला नकार देणारा विद्वान फांग श्याओ-रू याला त्याने मारलंच, शिवाय त्याचे नातलग आणि शिष्यही संपवले. असा माणूस दरारा निर्माण करू शकतो. मान्यता मात्र दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते.

ती समुद्रापलीकडून आली. क्योतोमध्ये आशिकागा योशिमित्सु नावापुरता निवृत्त शोगुन होता, प्रत्यक्षात सगळी सूत्रं त्याच्याच हाती. सोन्याचा पत्रा मढवलेला किन्काकु मंडप बांधणारा तो हाच. त्याला चीनशी व्यापार हवा होता. चिनी तांब्याच्या नाण्यांवर जपानचा बाजार चालायचा, आणि मिंग कायद्याप्रमाणे परदेशी व्यापाराला वाट एकच होती: आधी सम्राटाचं मांडलिकत्व पत्करा, नजराणा आणा, मग माल विका. 1401 साली योशिमित्सुने वकील पाठवले. त्यांचं उत्तर आलं ते च्येनवनकडून. पण पुढचं जपानी शिष्टमंडळ 1403 मध्ये चीनला पोचलं तेव्हा गादीवर योंगले होता. योशिमित्सुच्या पत्रात त्याने स्वतःला सम्राटाचा सेवक, ‘जपानचा राजा’ म्हटलं होतं. क्योतोतल्या सरदारांना हे पत्र पुढे फार झोंबलं. योंगलेला ते अमृतासारखं वाटलं असणार.

58 लाल नग त्याचं मोल होतं. सोबत भरजरी कापड वगैरे होतंच. पण कोरीव रोगणच का? जपानी लोक स्वतः रोगणकामात कुणाला हार जाणारे नव्हते. काळ्या रोगणावर सोन्याची भुकटी शिंपडून चित्रं उठवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जे त्यांच्याकडे नव्हतं ते नेमकं हे कोरीव काम. तेराव्या शतकात दक्षिण चीनमधून आलेल्या झेन भिक्षूंबरोबर त्याचे नमुने कामाकुराच्या एन्गाकुजी मठात पोचले होते. चहाच्या आणि धूपाच्या समारंभात धूपाची डबी आणि पेल्याखालचं तबक चिनी असणं ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. ज्यांना अस्सल परवडत नव्हतं त्यांच्यासाठी कामाकुरातल्या कारागिरांनी तोड काढली: लाकूडच कोरायचं आणि वर रोगणाचे चार हात द्यायचे. लांबून सारखंच दिसतं. 1388 साली त्साओ चाओ या चिनी जाणकाराने जुन्या वस्तूंवर लिहिलेल्या पुस्तकातही जपान आणि र्‍यूक्यू बेटांवरच्या लोकांना या कामाचं भारी वेड असल्याची नोंद आहे. त्याच पुस्तकात त्याने चांग छंग आणि यांग माओ यांचं नाव घेतलंय, आणि या कामात लाल थर पातळ आणि कच्चा निघणारा मालही बराच असतो, अशी तक्रारही केलीय. आज ज्यांच्यापुढे माना लवतात त्यांच्या कामाबद्दल जवळच्या काळातला माणूस असं लिहितो, हे वाचायला मजा येते.

1406 च्या 95 नगांमागची कथा मात्र मजेची नाही. जपानी चाच्यांनी चिनी किनारा जेरीस आणला होता. योशिमित्सुने 1405 मध्ये वीस चाचे पकडून सम्राटाकडे पाठवले. मिंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात म्हटलंय की सम्राटाने ते परत केले, तुमच्या रिवाजाप्रमाणे तुम्हीच शिक्षा करा म्हणून. परतीच्या वाटेवर निंगबो बंदरात जपानी वकिलांनी त्या सगळ्यांना मोठ्या भांड्यांत वाफवून मारलं. पुढच्याच वर्षी सम्राटाचं शाबासकीचं पत्र आणि नजराणा रवाना झाला. अनंताच्या फुलांची तबकं त्या हिशेबात चुकती झाली.

तर प्रश्न असा की हा माल आला कुठून. पुस्तकांत वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळत असे: बीजिंगमधल्या राजवाड्याजवळच्या ‘फळबाग कारखान्यातून’. तिथे योंगलेने रोगणकामाचा सरकारी कारखाना थाटला, ही गोष्ट खरी. च्याशिंगच्या स्थानिक इतिहासात त्यामागची हकीकतही आहे. परदेशी लोकांनी विकत घेतलेलं चांग छंग आणि यांग माओचं काम नजराण्यातून पुन्हा दरबारात येऊन पोचलं. सम्राटाला ते इतकं आवडलं की त्याने दोघांना बोलावणं धाडलं. दोघेही केव्हाच वारले होते. चांग छंगचा मुलगा चांग द-कांग बापाचं काम चालवत होता. त्याला राजधानीत नेलं, सम्राटासमोर त्याची परीक्षा झाली, तो बांधकाम खात्यात उपअधिकारी झाला आणि त्याच्या घरावरची वेठ माफ झाली. आपल्याच प्रांतातल्या कारागिरांची कीर्ती सम्राटाला परदेशी आहेरातून कळली, हा तपशील खरा असो वा नसो, त्या काळच्या दरबाराला शोभतो.

पण ही हकीकत 1403 च्या नगांना लागू पडत नाही. तेव्हा राजधानी नानजिंग होती. बीजिंगला ती अधिकृतपणे गेली 1421 साली. हा पेच ज्याने नेटाने मांडला तो माणूस कलेचा प्राध्यापक नव्हता. सर हॅरी गार्नर हे ब्रिटिश गणिती, विमानशास्त्रातले सरकारी शास्त्रज्ञ. निवृत्तीआधीपासूनच चिनी वस्तू जमवण्याचा नाद. त्यांनी जपानला गेलेल्या तिन्ही याद्या काढल्या, मापं आणि नक्ष्या शाबूत राहिलेल्या नगांशी ताडल्या, आणि हात किती व दिवस किती याचा रोखठोक हिशेब मांडला. निष्कर्ष असा की पहिले 58 नग तरी आधीच्या राजवटीतच तयार झालेले असले पाहिजेत. म्हणजे काकाने पुतण्याची नुसती गादीच घेतली नाही, कोठारातला मालही आपल्या नावाने आहेर म्हणून वाटला.

गार्नर यांचा तर्क पूर्णपणे सगळ्यांना मान्य नाही. राजवाड्याचा कारखाना बीजिंगमध्ये नेमका कधी सुरू झाला आणि सुरुवातीची कामं दक्षिणेतच होत होती का, यावर अजून खल चालू आहे. तरी तारखांचा मुद्दा हलत नाही. मग ज्या नगांच्या तळाशी, कडेला डाव्या बाजूला, सुईने ओरखडलेली ‘महान मिंग, योंगले काळात घडवलेले’ अशी सहा अक्षरं दिसतात त्यांचं काय? सुईचा ओरखडा कुणीही, कधीही मारू शकतो. झिलईखाली भट्टीत भाजलेली ती चिनी मातीच्या भांड्यावरची निळी खूण नव्हे.

अक्षरांवर भरवसा का ठेवू नये, याचा आणखी मोठा पुरावा पुढच्याच पिढीत मिळतो. योंगलेचा नातू श्वेनद 1425 मध्ये गादीवर आला. तो स्वतः चित्रकार, नजर तीक्ष्ण. सतराव्या शतकात बीजिंगवर लिहिलेल्या एका ग्रंथात असं सांगितलंय की त्याच्या कारखान्यातलं काम आजोबांच्या काळच्या कामाला पोचेना आणि कारागिरांना पुन्हा पुन्हा शिक्षा होऊ लागल्या. शेवटी त्यांनी गुपचूप जुनी तबकं आणि डबे मिळवले, योंगलेची सुईची बारीक अक्षरं घासून काढली, त्या जागी चाकूने श्वेनदची ठसठशीत अक्षरं कोरली, वर सोनं भरलं आणि नवं काम म्हणून हजर केलं. ग्रंथकार तर सरळ म्हणतो की श्वेनदची खूण असलेली कामं सगळी योंगले काळातलीच. यातलं ‘सगळी’ हे अतिशयोक्तीचं. पण आज अनेक संग्रहालयांत अशी श्वेनद खूण आहे जिच्या सोन्याखाली किंवा शेजारी आधीच्या अक्षरांचे माग दिसतात. हाताखालच्या माणसांनी साहेबाला फसवण्याच्या जगभरच्या कथांत ही बरीच वरच्या दर्जाची मानायला हवी.

जपानच्या बाजूने हा व्यवहार फार टिकला नाही. योशिमित्सु 1408 मध्ये वारला. त्याचा मुलगा योशिमोचीला बापाचं ते ‘सेवक’ म्हणवणं मंजूर नव्हतं. 1411 मध्ये त्याने चिनी वकिलाला दारातूनच परत लावलं. वीसेक वर्षांनी संबंध पुन्हा जुळले आणि श्वेनदच्या दरबारातूनही आहेर गेले. तोवर आशिकागांच्या संग्रहातली चिनी तबकं हा मानाचा ऐवज झाला होता आणि त्यांचे प्रकार, प्रती, मांडणी यांवर जाणकार टिपणं लिहीत होते. जपानी कोरीव रोगणाच्या एका कारागीर घराण्याने तर यांग माओ आणि चांग छंग यांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन ‘योझेइ’ हे नाव धारण केलं. ते पिढीजात विसाव्या शतकापर्यंत चाललं.

जपानने आणखी एक गोष्ट जपली. सोळाव्या शतकात आनह्वेईचा रोगण कारागीर ह्वांग छंग याने या विद्येवर एक ग्रंथ लिहिला: अवजारं, हात देण्याच्या रीती, चुका, प्रकार. 1625 साली त्यावर टिपा लिहिल्या यांग मिंगने, तोही शीथांगचाच. चीनमधून हा ग्रंथ पुसला गेला. ओसाकाच्या एका संग्राहकाकडे असलेल्या हस्तलिखितामुळे तो वाचला आणि 1927 मध्ये चीनमध्ये पुन्हा छापला गेला. त्याचा अर्थ लावण्यात वांग शी-श्यांग या संशोधकाने वर्षानुवर्षं घालवली. बीजिंगमधल्या जिवंत कारागिरांना विचारून विचारून त्याने एकेका संज्ञेचा उलगडा केला. त्याचं भाष्य नीट पुस्तकरूपाने यायला 1983 साल उजाडलं.

पुढचा इतिहास लांबलचक आहे, पण त्यात योंगलेच्या काळासारखी चव नाही. च्याचिंग आणि वानली या सम्राटांच्या काळी कोरणी टोकदार झाली, रंग वाढले. अठराव्या शतकात सम्राट च्येनलुंगने सूचौच्या कारागिरांकडून डबे, पडदे, सिंहासनं असं अफाट काम करून घेतलं. हातांचा थर जाड, कौशल्य थक्क करणारं आणि मोकळी जागा कुठेही नाही. बघताना डोळा दमतो. बीजिंगबाहेरच्या शिकारवनातलं त्याचं एक लाल सिंहासन 1900 च्या धामधुमीत रशियन लोकांच्या हाती लागलं आणि 1922 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पोचलं.

जाता जाता एक सूचना. जुन्या बाजारांत आणि पर्यटकांच्या दुकानांत ‘सिनाबार’ (म्हणजे हिंगूळ) म्हणून ज्या लाल डब्या मिळतात, त्यांतल्या बहुतेक साच्यात ओतलेल्या राळेच्या असतात. भिंग लावून पाकळीची खोल बाजू पाहावी. कोरलेल्या कामात तिथे पात्याचा माग आणि थरांच्या बारीक रेघा दिसतात. ओतीव कामात सगळीकडे सारखाच गुळगुळीतपणा असतो.

अस्सल पाहायचं तर लंडनमध्ये दोन ठिकाणं गाठावीत. गार्नर दांपत्याने दिलेला संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, च्येनलुंगच्या सिंहासनाकडे गर्दी असते तिकडे न जाता, श्वेनदच्या काळचं खणांचं लाल टेबल शोधावं. राजवाड्याच्या कारखान्यातून आलेलं एवढं मोठं लाकडी सामान दुसरं उरलेलं नाही. त्यावरच्या ड्रॅगनच्या पंजाची नखं मोजावीत. पाच नखं फक्त सम्राटाच्या ड्रॅगनला असत. या टेबलावरच्या ड्रॅगनचं पाचवं नख राजवाड्याबाहेर पडल्यावर छाटून टाकलेलं आहे.